धनुष्याचं लाकूड

सौदीहून आलेल्या माणसाला लोक सोन्याचा भाव विचारतात, पेट्रोलचा भाव विचारतात, आणि उंटिणीचं दूध प्यायलास का म्हणून विचारतात. तिथे थंडी किती होती, असं मला अजून कोणीही विचारलेलं नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो. तबूकला जानेवारीत पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरते. २००५ सालच्या अशाच एका पहाटे ओकच्या पानांची नक्षी छापलेले अमेरिकी कपडे घालून, हातात धनुष्य धरून, चव्वेचाळीस वर्षांचा मी गवताच्या गठ्ठ्यांमागे हरणाची वाट पाहत बसलो होतो. आसपास ओकचं झाड नव्हतं. जवळपास कुठलंच झाड नव्हतं. त्या वाळवंटात सगळ्यांत हिरवा मीच होतो.

हे कसं घडलं, त्याला माझा शाळासोबती रऊफ मुकादम जबाबदार आहे.

ओलाया ते तबूक

मी तेव्हा रियाधला ओलाया भागात एका बँकेच्या संगणक विभागात होतो. काचेची इमारत, संगमरवरी जिना, आणि जिन्याखाली एक कारंजं. त्याचं पाणी साहेब लोक यायच्या वेळेपुरतं सुरू करत. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर हुद्दा इतका लांब होता की नाव बारीक टाईपात घ्यावं लागलं होतं. बकरी ईदच्या सुट्टीत बायको आणि मुलगी मुक्ता भाचीच्या लग्नासाठी चिपळूणला गेल्या होत्या आणि मी फ्लॅटमध्ये एकटा खिचडीवर दिवस काढत होतो.

तेवढ्यात रऊफचा फोन आला. आम्ही दापोलीला एका बाकावर बसायचो. तो वीस वर्षं तबूकजवळच्या एका मोठ्या शेतावर मुकादमी करत होता. आडनाव आणि हुद्दा एकच असलेला माझ्या ओळखीतला हा एकमेव माणूस.

"विनू, ये इकडे. हवा बघ, हरणा बघ. खिचडी काय खातोस, मेल्या? तांदळाची भाकरी करतो तुला."

"काम काय आहे ते सांग," मी म्हटलं.

"काम काय असणार? दोस्ताला बोलवायला काम लागतंय?"

रऊफ असं म्हणाला की काम असतं. पण भाकरीपुढे मी विचार केला नाही.

तबूकच्या विमानतळावर तो लोकरीचा कोट आणि माकडटोपी घालून उभा होता. पिकअपमध्ये बसल्याबरोबर त्याने माझ्या मांडीवर एक कांबळं टाकलं. शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना गव्हाची प्रचंड गोल शेतं लागली. विहिरीभोवती फिरणाऱ्या लांबलचक नळ्यांनी पाणी देतात, म्हणून शेत गोल. हिरव्या गोलाच्या काठावर एक पाऊल टाकलं की वाळू. आपल्याकडे बांधावरून भांडणं होतात. इथे गोलांच्या मधल्या कोपऱ्यांवर कोणी हक्क सांगत नाही.

शेताचं फाटक आलं. फाटकाच्या दोन खांबांवर प्लॅस्टरचे दोन बहिरी ससाणे, प्रत्येकी बैलाएवढे. एकाची चोच तुटली होती.

"मालक हौशी दिसतात," मी म्हटलं.

"मालक चांगला हाय," रऊफ म्हणाला आणि त्याने गाडी फाटकाच्या आतच थांबवली. "आता ऐक. काम हाय."

काम असं होतं. मालक अबू तुर्की, म्हणजे तुर्कीचे वडील. तुर्की हा त्यांचा एकुलता मुलगा. अमेरिकेत शिकायला होता, तिथे धनुष्यबाणाने शिकार करायला शिकला, परत आला तेव्हा सामानात पुस्तकं कमी आणि बाण जास्त होते. दोन वर्षांपूर्वी अल खफजीच्या रस्त्यावर त्याची गाडी उलटली. कमरेखालचं शरीर गेलं, डावा खांदा कायमचा आखडला. तेव्हापासून तो खोलीतून बाहेर पडत नव्हता. सर्वांत मोठं दुःख बापाला हे होतं की मुलगा पाहुण्यांच्या पंगतीला बसत नव्हता. या ईदलाही बसला नाही. बैठकीत जमिनीवर बसायचं तर दोघांनी उचलून ठेवावं लागणार, आणि पोत्यासारखं ठेवून घ्यायला तो तयार नव्हता.

"परवा मी त्याच्या खोलीत चहा घेऊन गेलो," रऊफ म्हणाला. "भिंतीवर ता धनुष्य. बघत होता. म्हणाला, रऊफ, कोणी ओढणारा मिळाला तर निदान बाण जाताना तरी बघेन."

"मग तू ओढ."

"माझा हर्नियाचा ऑपरेशन झालाय. बाकीचे गडी त्याला घाबरतात. म्हणून मी बोललो, माझा दोस्त हाय, तीरंदाज."

"कोण तीरंदाज?"

"तू. गॅदरिंगला तू भिल्लांचा सरदार नव्हतास झालेला?"

झालो होतो. आठवीत. बांबूचं धनुष्य होतं, बाण म्हणजे टोकाला कापूस लावलेली काडी होती, आणि ती पडदा ओढणाऱ्या गुरुजींच्या कानाला लागल्यामुळे तिसरा अंक पडदा उघडा ठेवूनच झाला होता.

अबू तुर्कींची बैठक

बैठक म्हणजे एक मोठं दालन. छताला तीन झुंबरं, भिंतीला टेकून लाल गाद्या, आणि मधोमध जमिनीत खणलेल्या चुलीवर कॉफीची पितळी किटली. अबू तुर्की सोनेरी काठाचा झिरझिरीत काळा झगा घालून आले. तो झगा मंत्री आणि नवरदेव घालतात. मी मनात त्यांची नोंद कारंज्याच्या खात्यात केली. ते चुकलं, पण ते मला नंतर कळलं.

"मुलं किती?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी. मुक्ता."

"अह्लान, अबू मुक्ता," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतः मला खजूर दिला. मी अकरा वर्षं त्या देशात होतो. मला मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, म्हणून सगळे हाक मारत. मुलीच्या नावाने पहिल्यांदाच कोणी मला ओळखलं. माझा सगळा ओलायी संशय त्या एका हाकेने थोडा ढिला पडला.

तुर्की जेवायला आला नाही. मला त्याच्या खोलीत नेण्यात आलं. सव्वीस-सत्तावीसचा, बारीक दाढीचा, चेहऱ्यावर झोप न झालेल्या माणसाची हुशारी. तो अमेरिकी इंग्रजीत बोलला.

"तुम्ही तीरंदाज आहात म्हणे."

"नाही," मी म्हटलं. "तीस वर्षांपूर्वी मी एका शिक्षकाच्या कानाला काडी मारली होती."

दारात उभ्या असलेल्या रऊफने कपाळाला हात लावला. तुर्कीने मात्र चौकशी सुरू केली.

"कोणत्या कानाला?"

"डाव्या."

"नेम कशावर होता?"

"झाडावर."

तो हसला नाही, पण म्हणाला, "उद्या सकाळी या. खोटं बोलणाऱ्यापेक्षा तीर मारता न येणारा बरा."

गवताचे गठ्ठे

धनुष्य पाहून माझी निराशा झाली. मला वाकवलेली काठी आणि दोरी अपेक्षित होती. हे यंत्र होतं: दोन्ही टोकांना कप्प्या, त्यांतून फिरणाऱ्या तारा, नेमासाठी हिरवा लुकलुकता ठिपका. दोरी बोटांनी ओढायचीच नाही. उजव्या मनगटाला पट्टा बांधायचा, पट्ट्याच्या टोकाला पकड, ती दोरीला अडकवायची आणि ओढून झालं की पकडीचा बारीक चाप दाबायचा.

तुर्की चाकांच्या खुर्चीत, गोठ्यामागच्या फरशीवर आला. फक्त इतकं अंतर, पण गोठ्यातले गडी काम सोडून बघत राहिले. रऊफने "यल्ला, यल्ला" करून त्यांना हाकललं.

तुर्कीने आधी स्क्रू फिरवून धनुष्य माझ्यासाठी हलकं केलं. तरी पहिल्या ओढीला माझ्या पाठीतून असा आवाज आला की दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. या धनुष्याची गंमत अशी की सुरुवातीला डोंगर चढल्यासारखं ओढावं लागतं, आणि मग एका क्षणी कप्प्या फिरतात आणि आपण पठारावर येतो. ताण एकदम हलका होतो, माणूस उभा राहून विचार करू शकतो. विचार करणं हीच चूक, असं तुर्कीचं म्हणणं.

"गठ्ठ्याकडे बघू नका. गठ्ठ्यातल्या एका काडीकडे बघा."

मी एका काडीकडे पाहिलं. बाण शेजारच्या गठ्ठ्यात गेला.

"तुमचा हात चांगला आहे," तो म्हणाला. "बोट वाईट आहे. ठिपका जागेवर आला की तुम्ही घाबरून चाप हिसकता. आता सुटणार, हे तुम्हाला आधी कळतं. कळता कामा नये."

दिवसभर माझं बोट हिसकत राहिलं. दुसऱ्या दिवशीही. संध्याकाळी तो वैतागून खुर्ची तिरकी करून माझ्या उजव्या बाजूला आला, किंचित मागे. "ओढा. नेम धरा. चापावरचं बोट काढा."

मी काढलं. त्याने आपलं उजवं बोट चापावर ठेवलं. मी त्या काडीकडे बघत राहिलो. तो कधी दाबेल याचा मला पत्ता नव्हता, म्हणून घाबरायलाही काही नव्हतं. आणि बाण गेला. गठ्ठ्याच्या मधोमध, पिसांपर्यंत.

खुर्चीच्या हातावर तुर्कीची बोटं बराच वेळ वाजत होती.

रात्री मुक्ताचा चिपळूणहून फोन आला. मी सगळं सांगितलं.

"बाबा, आर यू सीरियस? तुम्हाला सुईत दोरा जात नाही."

"दोरा वेगळा."

"अँड यू विल किल अ डिअर?"

मी मटण खाणारा माणूस आहे. पण ते आमच्याकडे पिशवीतून येतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. रानातल्या हरणांची शिकार तिथे बंद आहे आणि ते योग्यच आहे. ही हरणं अबू तुर्कींच्या कुंपणातली, पिढ्यान्‌पिढ्या शेतावर वाढलेली. वाळूच्या रंगाची, आपल्या चिंकाऱ्याच्या अंगलटीची. अरबीत त्यांना रीम म्हणतात. नर जास्त झाले की शिंगांनी एकमेकांची पोटं फाडतात, म्हणून दर हिवाळ्यात एखादा म्हातारा नर कमी करतात. एरवी ते बंदुकीने होई. यंदाचा नर ठरला होता: एक शिंग वाकडं, मागच्या पायाने लंगडणारा.

लपणातली पहिली सकाळ

कुंपणाच्या आत, पाण्याच्या हौदाजवळ, लसूणघासाच्या गठ्ठ्यांचा आडोसा रचलेला होता. घरापासून तिथपर्यंत वाळूवर सेंट्रिंगच्या जुन्या फळ्या टाकलेल्या होत्या, खुर्चीच्या चाकांच्या मापाने. रऊफने सांगितलं, अपघातानंतर मालकांनीच टाकून घेतल्या. तुर्कीला त्यांबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि तो दोन वर्षांत त्यांच्यावरून कधी गेला नव्हता.

त्या पहाटे तो पहिल्यांदा गेला. चाकं फळ्यांवर खडखडत होती. फळ्या स्वच्छ होत्या, वाळूचा कण नव्हता. मी तसं म्हटलं.

"इथला वारा चांगला आहे," तुर्की म्हणाला. "वाळू टिकू देत नाही."

आम्ही बसलो. उजाडलं. हरणं आली, टेकडीवरून एकामागून एक, पायांना जमीन लागत नसल्यासारखी. मग सगळ्यांत पुढच्या मादीने नाक वर केलं, पुढचा पाय आपटला, आणि कळप दिसेनासा झाला.

तुर्कीने माझ्याकडे वळून नाक ओढलं. "तुम्ही काय खाल्लंत?"

"भाकरी."

"आणि?"

आणि सुका जवळा. रऊफने हर्णैहून आणलेला, कांद्यावर परतलेला. त्या थंडीत पहाटे चुलीशी बसून गरम भाकरीशी जवळा खाणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तुर्कीलाही मी ते समजावायचा प्रयत्न केला.

"या हरणांनी समुद्र पाहिलेला नाही," तो म्हणाला. "त्यांना वाटलं, काहीतरी भयंकर मेलंय."

आणि मग तो हसला. लपणात आवाज करायचा नसतो, हा त्याचाच नियम. तो तोंडावर टोपी दाबून हसत राहिला, खांदे हलत राहिले, डोळ्यांतून पाणी आलं. घरी परतल्यावर रऊफला ही हकीकत सांगितली तेव्हा तो आधी रागावला. "माझ्या जवळ्याला नाव ठेवतो?" मग जरा वेळाने म्हणाला, "हसला? खराच हसला?" आणि बरणीचं झाकण घट्ट लावून त्याने ती फळीवर मागे सरकवली. माझं खोबरेल आणि तुर्कीचं अत्तर त्याच दिवशी बंद झालं.

पुढच्या पहाटे मी लवकर उठलो. बाहेर धुकं होतं. फळ्यांवर कोणीतरी होतं. जुनाट मेंढीच्या कातड्याचा कोट, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, हातात खजुराच्या झावळीचा खराटा. वाकून, एकेका फळीवरची वाळू लोटत तो माणूस माझ्याकडे पाठ करून चालला होता. मला वाटलं, कोणी गडी. तो वळला. अबू तुर्की.

त्यांनी मला पाहिलं, तुर्कीच्या खिडकीकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. दोन वर्षं, रोज. ज्या वाटेने मुलगा एकदाही गेला नव्हता ती वाट तो म्हातारा झाडत होता. न जाणो, आज जाईल.

सोनेरी काठाच्या झग्याबद्दल मी मनात जे लिहिलं होतं ते त्याच ठिकाणी खोडलं.

अडचण

आणखी दोन दिवस गेले. हरणं येत, पण नर लांबच राही. माझं बोट आता कमी हिसकत होतं. परतीचं विमान परवा होतं. अबू तुर्कींनी ठरवलं होतं की तुर्कीच्या शिष्याने हरीण मारलं तर शेजारच्या शेतांवरच्या लोकांना जेवायला बोलवायचं, आणि तुर्कीने तेव्हा पंगतीला यायचं कबूल केलं होतं. "शिकार झाली तर," एवढंच तो म्हणाला होता. पण म्हाताऱ्याने तांदूळ काढून ठेवले होते.

दुपारी रऊफ भाकरी थापत होता. थापता थापता त्याचा हात थांबला.

"विनू," तो म्हणाला. "मेलो."

"काय झालं?"

"तू मारलास तर ता आम्हाला चालायचा नाय."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. बाण सोडताना जो सोडतो त्याने अल्लाचं नाव घ्यायचं असतं, आणि त्याने घेतलेलं चालायला तो त्यांच्या धर्माचा हवा. तीस वर्षांची दोस्ती, आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आमच्याकडे दापोलीत मटण रऊफच्या चुलत्यांकडूनच यायचं, त्यामुळे हा प्रश्न कधी आमच्यापर्यंत पोचलाच नाही.

"मालकांना माहीत असणार," मी म्हटलं.

"असणारच. पण पाहुण्याला कसा बोलतील? आणि तुर्कीला कसा सांगतील, बाबा, पंगत नाय?" त्याने पीठाचा हात कपाळावर मारून घेतला. "एक करू. तू तीर मार. मी सुरी घेऊन धावतो. जीव असेपर्यंत पोचलो तर हलाल."

"तू? हर्नियावाला? हरणामागे?"

"मग काय करू?"

शिवाय तुर्कीचा सगळ्यांत कडक नियम तोच होता: बाण लागल्यावर धावायचं नाही. धावलं की जखमी जनावर जीव घेऊन मैलोन्‌मैल पळतं आणि कुठेतरी कुपाटीत तडफडून मरतं. बसायचं, गप्प. तेव्हा ते जवळच आडवं होतं.

भाकरी तव्यावर करपली. मला गठ्ठ्याच्या मधोमध घुसलेला तो बाण आठवत होता.

"रऊफ, चाप तुर्कीने दाबला तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, हात न धुताच उठला आणि बैठकीकडे गेला. मी मागे. अबू तुर्कींनी सगळं शांतपणे ऐकलं. अशा गोष्टीत आपण निकाल देणारे कोण, म्हणाले, आणि त्यांनी गावातल्या मशिदीच्या वृद्ध इमामांना मोबाईल लावला. ते ओरडून बोलत होते, इमाम त्याहून मोठ्याने ओरडत होते. मला एवढंच कळत होतं की प्रश्न फार बारकाईने विचारले जात आहेत.

"विचारतायत, ओढणार कोण?" रऊफ कानाशी सांगत होता. "हा पाहुणा. नेम कोण धरणार? हा, पण तुर्की सांगेल तिथे. सोडणार कोण? तुर्की. नाव कोण घेणार? तुर्की. सोडायच्या आत तुर्कीने नको म्हटलं तर? तर सुटणार नाय."

मग इमाम काहीतरी बोलले आणि मोबाईलमधून खोकल्यासारखं हसू आलं. अबू तुर्कीही हसले. रऊफ सांगेना.

"बोल की."

"म्हणाले, मग तो हिंदी माणूस मधे कुठे आला? तो तर धनुष्याचा लाकूड." रऊफने लगेच जोडलं, "दुसरा मौलवी वेगळा बोलेल हां, पण हे आमचे इमाम हायत."

माझ्या कार्डावरच्या लांबलचक हुद्द्यापेक्षा हे नेमकं होतं. मी मान्य केलं.

तुर्कीला सांगायला अबू तुर्की स्वतः गेले. दार बंद होतं. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते, आणि बाहेर वारा आहे म्हणाले.

शेवटची सकाळ

वारा आमच्या तोंडावर होता. भाकरी कोरडी खाल्ली होती. तुर्की माझ्या उजवीकडे, खुर्ची तिरकी. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, वेगात. म्हणजे त्यालाही भीती वाटत होती, आणि त्यामुळे मला धीर आला.

हरणं आली. वाकड्या शिंगाचा नर सर्वांत शेवटी, लंगडत. हौदाच्या बाजूला आडवा उभा राहिला. मी ओढलं, पठारावर आलो, ठिपका त्याच्या खांद्यामागच्या एका गडद केसावर ठेवला. तुर्कीचं गार बोट चापावर आलं.

काही झालं नाही.

माझा दंड थरथरायला लागला. दाब ना बाबा, मी मनात म्हणत होतो. ठिपका हलू लागला. बोट चापावरून निघून गेलं. मी हळूच दोरी परत सोडली, घाम डोळ्यांत आला.

"मागे मादी होती," तो कुजबुजला. "बाण आरपार जातो."

मला दिसली नव्हती. मी एका केसाकडे बघत होतो. बाकीचं तो बघत होता. इतक्या दिवसांत त्याने शिकवलेल्या सगळ्यापेक्षा हे न सुटलेल्या बाणाचं शिकणं मला मोठं वाटतं.

नर पाणी प्यायला. डोकं वर केलं, दोन पावलं पुढे झाला. मागे आता फक्त वाळू. दुसऱ्यांदा ओढताना मला खात्री नव्हती की पठारापर्यंत पोचेन. पोचलो. गार बोट. एक केस.

"बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर," तुर्की इतक्या हळू म्हणाला की ते मला कानापेक्षा गालावर कळलं.

बाण गेला होता. नर उडाला, वळला, टेकडीच्या कडेने पळाला आणि दिसेनासा झाला. मी उठू लागलो. तुर्कीने माझी बाही पकडली.

"बसा. चहा ओता."

त्याच्याकडे एक थर्मास होता. तो रिकामा होईपर्यंत हलायचं नाही. तुर्की रडत होता आणि चहा पीत होता, दोन्ही सावकाश. मी टेकडीकडे बघत राहिलो. मेलेल्या प्राण्याबद्दल वाईट वाटणं आणि शेजारच्या माणसाबद्दल बरं वाटणं एकाच छातीत मावतं, हे मला ठाऊक नव्हतं.

थर्मास संपला तेव्हा अबू तुर्की आणि रऊफ फळ्यांवरून आले. हौदाजवळ वाळूत लाल थेंब होते, नाण्याएवढे. माग टेकडीकडे जात होता. आणि फळ्या लपणाशी संपत होत्या.

सगळे थांबले. पुढे मऊ वाळू. उचलून न्यायचं कोणी म्हणेना. तुर्कीकडे बघायचंही कोणी धाडस करेना. शिकारीने आपल्या शिकारीपर्यंत स्वतः जायचं असतं, हे त्यानेच मला सांगितलं होतं.

अबू तुर्की वाकले. मागची एक फळी उपटली, तिच्यावरची वाळू झटकली, आणि खुर्चीच्या चाकापुढे टाकली. मग दुसरी. रऊफला कळलं, मलाही कळलं. खुर्ची पुढे गेली की मागच्या फळ्या मोकळ्या होत. त्या उचलून पुढे. तुर्की फळीवर थांबून माग वाचायचा, "डावीकडे" म्हणायचा, आणि म्हातारा डावीकडे फळी टाकायचा. रऊफला वजन उचलायची बंदी होती, म्हणून तो फळीचं एक टोक धरून नुसता मोठमोठ्याने सूचना देत होता. माग लावायला सावकाशच जावं लागतं. आम्हाला घाई नव्हतीच.

टेकडीमागे एका काटेरी झुडपाच्या सावलीत नर आडवा होता. डोळे उघडे, अंगावर धडपडीची वाळू नव्हती. शेवटची फळी त्याच्या शिंगापाशी पडली. तुर्कीने वाकून उजवा हात त्याच्या मानेवर ठेवला आणि तसाच ठेवून बसला.

पंगत

त्या दुपारी बैठकीत शेजारपाजारचे लोक जमले होते. तुर्की दारापाशी आला, खुर्चीतून गादीवर स्वतःच उतरला: उजवा हात, मग कूस, मग रऊफच्या गुडघ्याचा आधार. वेळ लागला. सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे झुंबरांकडे बघत होते. त्या झुंबरांचा मला कळलेला हा पहिला उपयोग.

भातावर मांस आलं, तूप ओतलेलं, आणि कडेला रऊफच्या तांदळाच्या भाकऱ्या. तिकडे रीत अशी की यजमान चांगला तुकडा तोडून पाहुण्यापुढे ठेवतो. आपल्याकडे आग्रह तोंडाने होतो, तिथे बोटांनी. अबू तुर्कींनी हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला. तुर्कीने काळजाचा तुकडा तोडला आणि माझ्यापुढे ठेवला.

"अबू मुक्ता," तो म्हणाला, "खा. लाकडालाही भूक लागत असेल."

मी खाल्लं. चव कशी होती म्हणून पुढे मुक्ताने विचारलं. मी सांगितलं, मला आठवत नाही. मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी विमान सकाळचं. रऊफने जवळ्याची बरणी माझ्या बॅगेत कोंबली, "आता कोण हरीण नाय पळायचा" म्हणाला, आणि गाडी सुरू करायला गेला. मी निरोप घ्यायला घरामागे गेलो. फळ्या रात्रीतून परत जागेवर आल्या होत्या. आदल्या दिवशीच्या दमणुकीने अबू तुर्की उशिरा उठले असावेत. उजाडलं तरी ते अर्ध्यावरच होते, खराटा हातात, कमरेवर हात ठेवून दम खात. आणि त्यांच्या मागे, झाडून झालेल्या शेवटच्या फळीवर तुर्कीची खुर्ची उभी होती. म्हाताऱ्याला चाहूल लागली. तो वळला. खराटा लपवायला जागा नव्हती.

तुर्कीने फळ्यांकडे पाहिलं, खराट्याकडे पाहिलं.

"बाबा," तो म्हणाला, "आज वारा उशिरा उठला वाटतं."